वाकड्या मुळांची लांबी

माझ्या मैत्रिणीचा मी हेवा करीत असे, हे आधीच सांगितलेले बरे. शेवटी सांगितले, तर मधली सगळी शास्त्रीय चर्चा वाचणाऱ्याला निःपक्षपाती वाटेल. आणि ती तशी नव्हती.

आम्ही दोघी जबलपूरच्या एका मुलींच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेचे काम पाहत होतो. मी वनस्पतिशास्त्राकडे, ती पदार्थविज्ञानाकडे. दोन्ही प्रयोगशाळांच्या मध्ये एक दार होते आणि ते कधी बंद नसे. माझे वडील शाळामास्तर. फळ्यावरचे आकडे एका ओळीत आले नाहीत तर ते सबंध फळा पुसायला लावत, आणि मी त्याच शिस्तीत वाढले. तिचे वडील रेल्वेत होते. बदल्यांमुळे ती चार गावांच्या शाळांतून शिकली होती आणि तिची वही पाहिली की ते कळे: एका पानावर तीन रंगांच्या शाया, समासात गणिते, मध्येच चहाच्या कपाचे वर्तुळ. तरीही विद्यार्थिनी शंका विचारायला तिच्याकडेच जात. शिपाई मला ‘मैडमजी’ म्हणे आणि तिला ‘दीदी’. या दोन हाकांमधले अंतर मी रोज मनात मोजत असे.

साल एकाहत्तर. शहराची सकाळ कारखान्यांच्या भोंग्यांनी होत असे. सहा वर्षांपूर्वीच्या लढाईनंतर कामाचा वेग असा फारसा उतरलाच नव्हता, आणि पूर्वेकडून निर्वासितांच्या बातम्या येऊ लागल्यापासून तो पुन्हा चढत होता. माझा दादा अशाच एका संरक्षण कारखान्यात तपासणीच्या कामावर होता. त्याचे काम दोन खोल्यांत चाले. त्या दोन खोल्या नीट समजल्या नाहीत तर पुढचे काहीच समजणार नाही, म्हणून थोडे थांबून सांगते.

पहिल्या खोलीत क्ष-किरणांचे यंत्र होते. लोखंडाचा ओतीव भाग बाहेरून गुळगुळीत दिसला, तरी त्याच्या पोटात हवेचा फुगा राहिलेला असू शकतो. असा भाग तोफेच्या गाड्याला लागला तर पहिल्या धक्क्यालाच तडकायचा. म्हणून त्याच्या मागे फिल्म ठेवून समोरून किरण सोडायचे. दवाखान्यात छातीचे चित्र काढतात, तसेच. दुसऱ्या खोलीत चुंबकाचा बाक होता. तिथे लोखंडी भागात चुंबकत्व आणून त्यावर लोहचूर्ण मिसळलेले रॉकेल ओतत. पृष्ठभागावर केसाएवढी चीर असली तरी चूर्ण तिथे गोळा होई आणि चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसे. तपासणी झाली की तो भाग विजेच्या एका मोठ्या वेटोळ्यातून ओढून त्यातले चुंबकत्व घालवून टाकत. तपासायच्या प्रत्येक वस्तूला कारखान्यात ‘जॉब’ म्हणत. किरणांच्या खोलीतून निघालेला जॉब चुंबकाच्या खोलीत जाई. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधी होत नसत.

त्या एकाच वेळी झाल्या तर काय होईल, हा विचार माझा होता.

तो मी तिला मार्चमधल्या एका दुपारी, मधल्या दारात उभ्याने चहा घेताना सांगितला.

“दादाच्या यंत्रासमोर भिजवलेला गहू ठेवला, अन् तो गहू चुंबकाच्या मधोमध असला, तर?” मी म्हणाले. “किरण दाण्यात शिरले की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. चुंबक त्यांची वाट वाकवणार. मग इजा कमी होईल का जास्त?”

ती बिस्किट चहात बुडवत होती. ते तुटून कपात पडले. “अरे वा,” ती चमच्याने ते काढत म्हणाली, “हे तर करूनच पाहायला पाहिजे गं.”

माझ्यासारख्या माणसाला विचार सुचला की आधी वाचन, मग टिपणे, मग आराखडा, मग त्या आराखड्याची शुद्ध प्रत. मी तीन आठवडे ग्रंथालयात बसले. चौथ्या आठवड्यात घरी आले तर स्वयंपाकघराच्या ओट्याशी ती बसलेली, आई तिला शिरा वाढते आहे, आणि दादा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिला आपल्या यंत्राची आकृती काढून दाखवतो आहे. दादाने मला कधी त्या यंत्राची आकृती काढून दाखवली नव्हती. मी कधी विचारले नव्हते, हे खरे. पण त्या वेळी ते मला सुचले नाही.

“ये ये,” ती म्हणाली. “भैया हो म्हणून राहिले. रविवारी यंत्र गरम करून पाहावंच लागते म्हणतात, तेव्हा आपले दाणे ठेवून देतील. साहेबांना विचारलंय त्यांनी.”

“आपले,” मी म्हटले.

“मग! तुझीच तर आयडिया आहे.”

हे ती इतक्या सहज म्हणाली की त्यावर रागावण्यासारखे काही उरले नाही. ज्याचा हेवा करायचा तो माणूस उदार असला की हेव्याला बसायला जागाच मिळत नाही. तो मग घरभर फिरत राहतो.

आणि याच सुमारास आमच्या विभागप्रमुख सरांनी दोघींना बोलावून मुंबईचे सांगितले. तिथल्या एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत किरणांचा सजीवांवर होणारा परिणाम शिकण्यासाठी वर्षभराची जागा होती. महाविद्यालयातून एकच नाव जाणार, वर्ष संपण्यापूर्वी. “दोघींपैकी जिचं काम पक्कं, तिचं नाव,” सर म्हणाले. त्या जागेसाठी मी काय दिले नसते! घरात माझ्या लग्नाची पत्रे येत-जात होती. ती जागा मिळाली तर एक वर्ष माझे स्वतःचे होणार होते, आणि वर्षानंतरचे सगळे त्यावर ठरणार होते. तिलाही ती जागा हवी होती. पण तिचे हवे असणे असे होते, की मिळाली तर पेढे, नाही तर चला भेडाघाटला सहल काढू. हेही मला सहन होत नसे.

कारखान्याची लेखी परवानगी यायला पावसाळा उलटला, आणि मग प्रयोग तिने केला. मी गहू निवडला, सारख्या आकाराचे दाणे वेगळे काढले, भिजवण्याची वेळ ठरवून दिली. तिने तिच्या प्रयोगशाळेतला वीतभर उंचीचा नालाकृती चुंबक घेतला. भिजलेले दाणे काचेच्या दोन नळ्यांत भरले. एक नळी चुंबकाच्या दोन टोकांच्या मध्ये अडकवायची, दुसरी तितक्याच अंतरावर नुसती ठेवायची. तिसरी नळी घरीच; तिला ना किरण, ना चुंबक. पहिल्या दोन नळ्या दादाबरोबर कारखान्यात गेल्या. फाटकावर प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लागे. दादाच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘चुंबक एक, ओला गहू दोन नळ्या’. दरवानाने ती दोनदा वाचली म्हणे.

“बाबूजी,” तो म्हणाला, “लोहा तो समझे. ये गेहूँ काहे को? साहब लोग अब तोप से रोटी सेकेंगे क्या?”

दादाने घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की आईही हसू लागली. मीही हसले.

पाचव्या दिवशी तिन्ही नळ्यांतले दाणे ओल्या टीपकागदावर अंकुरले होते. नुसत्या किरणांत ठेवलेल्या दाण्यांची मुळे खुरटी, टोकाशी पिवळट. चुंबकातल्या दाण्यांची मुळे मात्र घरी राहिलेल्या दाण्यांच्या जवळपास पोचलेली. तिने थाळी उचलून खिडकीशी नेली आणि उजेडात तिरपी धरली. मग म्हणाली, “अगं, चुंबकानं वाचवलं यांना.”

सरांना बोलावले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, थाळी नाकाजवळ नेली. “बेटी,” ते तिला म्हणाले, “हे लिहून काढ. नीट लिही. दिवाळीआधी बाहेरची दोन-तीन मंडळी येणार आहेत, त्यांच्यासमोर वाचू.” मला ते काही म्हणाले नाहीत. गहू मी निवडला होता.

यानंतर साधारण आठवड्याने, संध्याकाळच्या जेवणाला, दादा पोळी मोडता मोडता म्हणाला, “तुझ्या मैत्रिणीला सांग, चुंबकवाल्या जॉबला मी शिशाच्या पिशव्या नीट लावल्या होत्या. पुढच्या वेळेलाही लावीन. चिंता नको.”

मी विचारले, “कसल्या पिशव्या?”

“अगं, छर्ऱ्यांच्या. जॉबला कडा असल्या की कडेनं भटके किरण येतात, अन् फिल्म धुरकट होते. म्हणून कडेला शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या लावाव्या लागतात. हात आपोआप जाते.”

“पण तिथे फिल्म कुठे होती?”

“फिल्म नव्हती,” तो म्हणाला. “पण जॉब तर होता ना.”

“आणि दुसऱ्या नळीला?”

“ती तर नुसती काच. तिला कसली कड?”

त्याला यात काही चुकल्यासारखे वाटले नाही, आणि मी वाटू दिले नाही. अकरा वर्षे त्याने रोज हेच केले होते. लोखंडी, कडा असलेली वस्तू समोर आली की तिला शिशाने बंदिस्त करायचे. चुंबक लोखंडी होता, त्याला कडा होत्या. काचेची नळी लोखंडी नव्हती. शिसे क्ष-किरणांना अडवते, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. म्हणजे चुंबकातल्या दाण्यांना चुंबकाने वाचवले नव्हते. ते शिशाच्या सावलीत बसले होते.

त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

ही चूक मी तिला दुसऱ्याच दिवशी सांगायला हवी होती. मधले दार उघडेच होते. मी सांगितली नाही. मी दहा दिवस वाट पाहिली, कारण दहा दिवसांनी, शनिवारी, सरांच्या खोलीत विभागातल्या सर्वांसमोर ती आपले टिपण वाचून दाखवणार होती. माझी वाक्ये मी पाठाची तयारी करावी तशी तयार केली. आधी प्रश्न, मग तत्त्व, मग निष्कर्ष. आवाज सौम्य ठेवायचा. ‘चूक’ हा शब्द एकदाच वापरायचा.

शनिवारी तिने वाचले. चांगले लिहिले होते, हे मान्य केले पाहिजे. पहिल्याच परिच्छेदात ‘मूळ कल्पना’ म्हणून माझा उल्लेख होता. मी तो ऐकला आणि तरीही उभी राहिले.

“मला एक शंका आहे,” मी म्हणाले. “दोन्ही नळ्यांना सारखेच किरण मिळाले, हे आपण कशावरून म्हणतो?”

ती म्हणाली, “अंतर सारखं होतं ना.”

“अंतर सारखे होते. पण मध्ये काय होते? एक तर चुंबकाचेच लोखंड. शिवाय कारखान्यात चुंबकाभोवती शिशाच्या पिशव्या लावल्या होत्या. दुसरीला नव्हत्या. दोन गोष्टींची तुलना करायची, तर त्यांच्यात फरक एकच असावा. इथे तीन आहेत. ही प्रयोगाची चूक आहे.”

तिचा चेहरा आधी लाल झाला. मग तिने हातातला कागद घडी केला आणि कपाळाला हात लावून हसली. “हाय रे! हे तर माझ्या ध्यानातच नाही आलं. बरं झालं तू बोललीस.”

मी तिच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून अकरा वाक्ये तयार केली होती, आणि ती माझे आभार मानत होती.

सरांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शाबास. अशी नजर पाहिजे.” आणि प्रयोग पुन्हा कसा करायचा ते ठरले. दोन चुंबक घ्यायचे, अगदी एकसारखे. त्यांतला एक दादाने कारखान्यातल्या वेटोळ्यातून ओढून मृत करायचा. दोन्हीत गहू. म्हणजे लोखंड दोन्हीकडे सारखे, शिसे कुठेच नाही, फरक फक्त चुंबकत्वाचा. ही युक्ती तिची होती. कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल अशी ती युक्ती तिला जागेवर, उभ्या उभ्या सुचली. मोजमाप माझ्याकडे आले. “हिची पट्टी हलत नाही,” सर म्हणाले.

घरी परतताना तिने आणखी एक गोष्ट सुचवली. बड्या फुहाऱ्याच्या चौकात कापडाच्या दुकानासमोर आम्ही रिक्षासाठी उभ्या होतो.

“मी म्हणते, थाळ्यांवर चिठ्ठ्या नको लावू. नुसते आकडे. कोणती थाळी जिवंत चुंबकाची, कोणती मेलेल्याची, हे तुला मोजताना माहीतच नसलं पाहिजे. मी मोजत असते, तर मलाही नसतं माहीत ठेवलं.”

“काहून?” मी विचारले. मी सहसा असे बोलत नसे. घरातली बोली रागातच तोंडात येई. “माझ्यावर भरवसा नाही तुझा?”

“अगं बाई! तसं नाही म्हणून राहिली मी.”

“मग कसं?”

तिने समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. “चलो, जाऊ दे,” ती म्हणाली. “तुझ्याइतकं बारीक कोणी मोजत नाही, हे मला नाही माहीत का?”

थाळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या.

यापुढचे सांगताना मी शक्य तितकी अचूक राहीन. गव्हाचे कोवळे मूळ सरळ वाढतेच असे नाही. टीपकागदावर ते वळते, कधी अर्धे वेटोळे घालते. असे मूळ मोजायचे तर चिमट्याने हलकेच सरळ करून पट्टीला लावायचे. नाहीतर बुंध्यापासून टोकापर्यंतचे सरळ अंतर मोजायचे. दुसऱ्या पद्धतीत लांबी दोन-तीन मिलिमीटरनी कमी येते. दोन्ही पद्धती चालतात. अट एवढीच की दोन्ही थाळ्यांना एकच पद्धत लावायची.

दिवाळी उलटल्यावर दादाने दोन्ही चुंबक किरणांत ठेवून आणले; पाचव्या दिवशी मेलेल्या चुंबकाची थाळी मी आधी घेतली. वाकडी मुळे एकेक करून सरळ केली, मोजली, लिहिली. मग जिवंत चुंबकाची थाळी घेतली. पहिल्या दोन मुळांतच मला दिसले की ती किंचित लांब आहेत. शिशासारखा ढोबळ फरक नव्हता. डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढाच होता, आणि तोही असेल किंवा नसेल. पुढचे मूळ वाकडे होते. मी चिमटा उचलला आणि खाली ठेवला. पट्टी बुंध्यापासून टोकापर्यंत ठेवली. आकडा लिहिला.

पट्टी हलली नाही.

त्यानंतर काही मुळे मी सरळ केली, काही केली नाहीत. कोणती केली आणि कोणती नाही, याची खूण कुठेही ठेवली नाही. शेवटी दोन्ही थाळ्यांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या. सरांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, “म्हणजे शिशाची सावलीच होती. बस.” त्यांनी माझे नाव मुंबईला पाठवले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन माझ्या घरी आली. माझ्यासाठी पेढे, तिने आणलेले. आईला वाकून नमस्कार केला, दादाच्या हातावर दोन पेढे ठेवले, आणि मला म्हणाली, “आता तू मुंबईची होणार. पण मी आणखी एकदा करून पाहणार आहे हं. एकदा हो आलं, एकदा नाही आलं. दोनानं कसं ठरणार? तिसऱ्यांदा करते. या वेळेला मीच मोजते, तुला कशाला त्रास. भैया, पुढल्या रविवारी जमेल ना?”

“जमेल ना,” दादा पेढा खात म्हणाला.

मला तिच्या मागच्या भिंतीचा रंगही आठवतो. तिचे मोजणे माझ्यासारखे नसेल, तिच्या वहीत डाग असतील. पण ती सर्व मुळे एकाच पद्धतीने मोजील, कारण दुसरे काही तिला सुचणारच नाही. आणि मग जो फरक मी दाबला होता, तो तिच्या डागाळलेल्या पानावर उभा राहील. सर विचारतील, तुझ्या आकड्यांत का नाही? जागा अजून कागदावरच होती.

ती गेल्यावर मी दादाला म्हटले, “दादा, आता पुरे झाले ते. कारखान्यात कुणी काही बोलले तर तुझ्यावर यायचे.”

“कोण काय बोलते? साहेबांनाच तर मजा येऊन राहिली. रोज विचारतात, गहू उगवला का.”

“तरीपण नको म्हण तिला.”

“काहून?” त्याने माझ्याकडे नीट पाहिले. “तुझं काय बिघडून राहिलं त्यात?”

मी त्याला आणखी दोनदा अडवण्याचा प्रयत्न केला. गुरुवारी तिने नळ्या धुऊन वाळत घातल्या. शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले झाले आहेत; लढाई सुरू झाली.

शनिवारी शहर वेगळेच होते. खिडक्यांना काळे कागद लागले, स्कूटरच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग आला, शाळांच्या मैदानांत खंदक खणू लागले. जबलपूरवर बॉम्ब पडेल, कारण इथे कारखाने आहेत, असे जो तो म्हणत होता, आणि ते खोटे नव्हते. शेजारणीचा भाऊ सीमेवर होता. ती ओट्यावर बसून राहिली होती आणि बायका तिच्याभोवती. दादा सकाळी घरी आला तो कपडे न्यायला. कारखाना आता दिवसरात्र चालणार, यंत्र रविवारीही रिकामे राहणार नाही, आणि फाटकातून बाहेरची कोणतीही वस्तू आत जाणार नाही, असे त्याने सांगितले.

“मग गहू?” मी विचारले.

“वेडी आहे का तू? गहू!” तो म्हणाला. मग त्याला वाटले असावे की मी मैत्रिणीसाठी विचारते आहे. तो मऊ झाला. “सांग तिला, लढाई संपली की पाहू.”

त्या सकाळी सबंध शहरात युद्धाच्या बातमीने जिचा जीव भांड्यात पडला अशी मी एकटीच असेन. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. आणि त्यातला एकही शब्द मी सौम्य केलेला नाही.

लढाई दोन आठवड्यांत संपली. पण कारखान्याचे फाटक पूर्वीसारखे उघडले नाही. नवे नियम आले, दादाची बदली दुसऱ्या विभागात झाली. मी जानेवारीत मुंबईला गेले.

तिथे पहिल्याच महिन्यात मी दोन गोष्टी शिकले. एक अशी, की माझी मूळ कल्पनाच कच्ची होती. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन दाण्याच्या आत इतके थोडे अंतर जातो की प्रयोगशाळेतला नालाकृती चुंबक त्याची वाट नावापुरतीच वाकवील. परिणाम होत असलाच तर दुसऱ्या वाटेने. किरण पेशीतले पाणी फोडतात. त्या फुटलेल्या तुकड्यांवर एकेकटे इलेक्ट्रॉन असतात, आणि असा एकटा इलेक्ट्रॉन स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. दोन तुकडे पुन्हा जुळतात की विखरून पेशीला इजा करतात, यावर बाहेरच्या चुंबकाचा थोडासा प्रभाव पडू शकतो, असा विचार पुढे वाचनात आला. कुणाला चुंबकामुळे इजा कमी झालेली दिसली, कुणाला वाढलेली, कुणाला काहीच नाही. परिणाम असतोच तर लहान असतो. आणि लहान गोष्ट शोधायची तर शोधणाऱ्याचा हात फार स्वच्छ लागतो.

दुसरी गोष्ट अशी, की तिथे मोजणाऱ्याला थाळी कोणाची हे कधीच सांगत नसत. चिठ्ठी एक जण लावी, मोजी दुसरा. कुणी त्याचा अपमान मानत नसे. मी पहिल्या दिवशी चिठ्ठी मागितली तेव्हा तिथले वयस्क तंत्रज्ञ म्हणाले, “बाई, ती तुमच्या रक्षणासाठीच लपवलेली असते.”

दुसऱ्या महिन्यात मी तिला पत्र लिहिले. चार वेळा लिहून चार वेळा फाडले. पाचव्यांदा सरळ लिहिले. शिशाचे मला आधीच कळले होते आणि मी दहा दिवस गप्प राहिले. जिवंत चुंबकाच्या थाळीतली काही वाकडी मुळे मी मुद्दाम वेगळ्या पद्धतीने मोजली. युद्ध झाले नसते तर तुझा तिसरा प्रयोग मी होऊ दिला नसता. कारणही लिहिले. मी तुझा हेवा करते, असे मराठीत लिहिताना ते वाक्य फार लहान निघाले.

सरांना हे कळवायचे की नाही, ते मी तिच्यावर सोडले. मला वाटले होते, ती एकतर चिडेल किंवा मोठ्या मनाने क्षमा करील. दोन्हीसाठी मी तयार होते; खरे सांगायचे तर क्षमेसाठी अधिक, कारण तिने क्षमा केली असती तर तिचा हेवा करायला मला आणखी एक कारण मिळाले असते.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. अंतर्देशीय पत्र, तीन रंगांच्या शाया. सर निवृत्तीला आले आहेत, त्यांना मी काही सांगणार नाही, असे एका ओळीत. आईची तब्येत, अवकाळी पाऊस, शिपायाच्या मुलीचे लग्न. रागाचा एक शब्द नाही. आपुलकीचाही, पूर्वीसारखा, नाही. आणि अगदी खाली, ठळक अक्षरांत:

“किती मुळं तू सरळ केली नाहीस? अंदाजे नको. मोजलेले आकडे माझ्याकडे आहेत. ती मुळं कोणती ते कळलं, तर सुधारून घेता येतील, अन् फरक होता का ते अजून पाहता येईल. क्रमांक पाठव.”

तिला अजून तो फरक हवा होता. मला माझी चूक हवी होती, तिला गहू हवा होता.

मी पट्टी न हलवता एक-एक मूळ आठवण्याचा प्रयत्न केला. रात्रभर नव्हे, दिवसाढवळ्या, टेबलाशी बसून, कोऱ्या कागदावर एकपासून क्रमांक घालून. तिसऱ्या क्रमांकाबद्दल मला खात्री होती. सातव्याबद्दल वाटत होते. त्यापुढे काहीच नव्हते. वडिलांच्या शाळेत फळा पुसताना आधीचे आकडे वहीत उतरवून घ्यायची सक्ती असे. मी उतरवून न घेता पुसले होते.

“तिसरे,” मी तिला उत्तरात लिहिले. “बाकीचे माहीत नाहीत.”

त्या पत्राला उत्तर आले नाही.